तळमजला कुणाचा?

पुण्यात किंवा मुंबईत आज नवी इमारत उभी राहते, तेव्हा तिच्या तळमजल्यावर माणूस राहत नाही. तिथे खांब असतात, खांबांवर पिवळे-काळे पट्टे आणि फ्लॅटचे क्रमांक असतात, विजेच्या मीटरांची जाळीबंद खोली असते, टपालाच्या पेट्या असतात आणि वॉचमनची प्लॅस्टिकची खुर्ची असते. बाकी सगळी जागा गाड्यांची. माणसांची वस्ती पहिल्या मजल्यापासून सुरू होते, मुंबईत तर कधी कधी आठव्या-नवव्या मजल्यापासून. रस्त्यावरून जाणाऱ्याला त्या इमारतीची ओळख होते ती फक्त तिच्या भिंतीची आणि फाटकाची.

मी नगररचनाकार आहे. आराखड्यांवर काम केलं, रस्त्यांचे छेद काढले, हरकती-सूचनांच्या सुनावण्यांना बसले, विद्यार्थ्यांना घेऊन गल्ल्याबोळ मोजत हिंडले. या सगळ्यातून माझं एक मत पक्कं होत गेलं. शहर राहण्याजोगं आहे की नाही, हे जमिनीपासूनच्या पहिल्या दहा-बारा फुटांत ठरतं. घर आणि रस्ता यांची गाठ तिथेच पडते. घरांचा प्रश्न आम्ही एका फायलीत ठेवतो, रस्त्यांचा दुसऱ्या फायलीत, आणि जिथे ही दोन्ही एकमेकांना भेटतात त्या जागेची फाइलच नसते.

विकास आराखड्याचा नकाशा अनेकांनी पाहिलेला असतो. पिवळा रंग निवासी, निळा व्यापारी, जांभळा औद्योगिक, लाल सार्वजनिक वापराचा, हिरवा मोकळ्या जागांचा. १९६६ च्या महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना अधिनियमाखाली हे नकाशे होतात आणि पुढची वीस वर्षं शहराने कसं वाढायचं ते सांगतात. त्यांच्याभोवती भांडणं होतात, मोर्चे निघतात, जमिनींचे भाव वर-खाली होतात. पण त्या नकाशाचं प्रमाण बघा. १:४००० च्या नकाशावर एक मिलिमीटर म्हणजे जमिनीवरचे चार मीटर. दोन मीटरांचा फूटपाथ तिथे अर्ध्या मिलिमीटरचा होतो. सोसायटीची भिंत, भिंतीआडची तीन मीटरांची मोकळी जागा, दुकानाची पायरी, ओटा, पिंपळाचा पार, बसथांबा, भाजीवालीची पाटी, चहाची टपरी, हे सगळं मिळून रस्त्याच्या कडेला मारलेल्या रेघेच्या जाडीत संपून जातं. माणसं जिथे चालतात, थांबतात, ओळखीचं कुणी दिसलं तर दोन शब्द बोलतात, त्या पट्ट्याबद्दल नकाशा गप्प असतो.

त्या पट्ट्याबद्दल बोलते ती नियमावली. पुढची मोकळी जागा किती सोडायची, भिंत किती उंच बांधायची, गाड्या कुठे लावायच्या, हे सगळं पोटकलमांत आणि तक्त्यांत लिहिलेलं असतं. नकाशाची प्रदर्शनं भरतात; नियमावली मात्र वास्तुविशारद आणि बिल्डर यांच्यापलीकडे फारसं कुणी उघडत नाही. सुनावणीला येणाऱ्या हरकती आरक्षणांवर असतात, रस्तारुंदीच्या रेषेवर असतात. ज्याची जमीन जाते त्याने हरकत घ्यावी, हे योग्यच आहे. पण रस्त्याकडची भिंत आणखी उंच करायची मुभा कशाला देता, असं विचारणारा माणूस मला एकाही सुनावणीत भेटलेला नाही.

एका नियमाने काय साधतं हे बघायचं असेल तर सीएसएमटीला उतरून फ्लोरा फाउंटनपर्यंत चालत जावं. हा दादाभाई नौरोजी रस्ता, जुना हॉर्नबी रोड. १८६० च्या दशकात फोर्टची तटबंदी पाडल्यावर या भागाचं रूप पालटलं. १८९६ साली नियम आला की या रस्त्यावरच्या इमारतींनी तळमजल्याला पादचाऱ्यांसाठी कमानींखालची वाट ठेवायची. वरचे मजले मालकाने हवे तसे बांधावेत. म्हणून वर पाहिलं तर कुठे गॉथिक घडण दिसते, कुठे निओक्लासिकल, कुठे इंडो-सारासेनिक. प्रत्येक कंपनीने, प्रत्येक शेटजीने आपला थाट मांडला आहे. खाली मात्र एकामागून एक कमानी, सलग. जुलैच्या पावसात त्या कमानींखालून माणूस न भिजता बरंच अंतर चालतो. चष्म्याची दुकानं, पुस्तकांच्या राशी, बॅगा, घड्याळं, कागदपत्रांच्या झेरॉक्स काढणारा, सगळे त्या सावलीत आहेत. जमीन खासगी मालकीची आणि वाट सगळ्यांची, ही गोष्ट तिथे सव्वाशे वर्षं चालू आहे. त्या कमानींसाठी सरकारला जमीन संपादित करावी लागली नाही, मोबदला द्यावा लागला नाही. परवानगी देताना एक अट घातली, एवढंच.

इतकी साधी अट आम्ही नंतर का घातली नाही, हा प्रश्न मला वर्षानुवर्षं पडलेला आहे. घालता आली असती. पुण्यात लक्ष्मी रस्त्यावर घालता आली असती, बाणेर-बालेवाडीत तर कोऱ्या जमिनीवर घालता आली असती.

पुण्याच्या पेठांना अशी अट घालायची गरजच नव्हती, कारण तिथली घरंच तशी होती. वाड्याच्या दर्शनी भिंतीला ओटा, दिंडीदरवाजा, आत चौक, आणि रस्त्याकडच्या खोल्यांत दुकान नाहीतर कारखाना. कसब्यातल्या तांबट आळीत खाली ठोक्यांचा आवाज आणि वर संसार, हे अजूनही थोडंफार शिल्लक आहे. रविवार पेठेत व्यापारी खाली बसायचा आणि वर झोपायचा. भिंतीला भिंत लागून घरं होती, म्हणून रस्त्याची कड सलग होती. विद्यार्थ्यांना मी एक साधं माप घ्यायला लावते: शंभर मीटर चालायचं आणि रस्त्याकडे उघडणारी दारं मोजायची. तीन-चार मीटर रुंदीची दुकानं असली की एका बाजूला पंचवीस-तीस दारं सहज होतात. नव्या उपनगरातल्या एखाद्या मोठ्या संकुलासमोर तेवढंच अंतर चाललात तर दोन दारं मिळतात, एक गाड्यांना आत जायचं आणि एक बाहेर पडायचं. संध्याकाळी सातनंतर कोणत्या रस्त्यावरून एकटी मुलगी निर्धास्त चालेल, हे या एका मापावरून बऱ्यापैकी अचूक सांगता येतं. दिवे दोन्हीकडे असतात. जाग मात्र दारांमुळे असते.

वाडे गेले त्याची कारणं पुष्कळ. १९४७ च्या मुंबई भाडे नियंत्रण कायद्याने भाडी १९४० च्या पातळीवर गोठवली. महागाई वाढत गेली, भाडं तेवढंच राहिलं, आणि मालकाने कौलं बदलणंसुद्धा सोडून दिलं. १२ जुलै १९६१ ला पानशेत धरण फुटलं. नदीकाठच्या पेठांत पाणी शिरलं, मातीच्या भिंती विरघळल्या, कुटुंबंच्या कुटुंबं गोखलेनगर, सहकारनगर अशा वसाहतींकडे गेली. पुढे उरलेल्या वाड्यांच्या जागी इमारती आल्या. चिंचोळ्या जागांवर बाजूला मीटरभर अंतर सोडायच्या अटीवरून पुण्यात बराच वाद झाला. मला ती अट पेठांसाठी चुकीचीच वाटते. दोन इमारतींमध्ये राहिलेल्या त्या मीटरभर फटीत ऊन येत नाही, वारा खेळत नाही, कचरा मात्र साठतो. आणि शतकानुशतकं सलग असलेली रस्त्याची कड दातपडक्या तोंडासारखी होते.

तरीही वाड्यांनंतर लगेच तळमजला गेला असं झालं नाही. मधे एक चांगला काळ येऊन गेला आणि त्याची आठवण आज चाळिशीपुढच्या बहुतेक वाचकांना असेल. १९६० चा सहकारी संस्थांचा कायदा आला, १९६३ चा फ्लॅटमालकीचा कायदा आला, आणि विलेपार्ल्यात, मुलुंडला, डोंबिवलीत, पुण्यात कोथरूड-कर्वेनगरला तीन-चार मजल्यांच्या सोसायट्या झाल्या. त्यांच्या तळमजल्यावर घरं होती. खिडकीखाली तुळस, जास्वंद, एखादं सोनचाफ्याचं झाड. कंपाउंडची भिंत मुलांना बसता येईल इतकी ठेंगणी. तळमजल्यावरच्या काकूंना कुणाकडे कोण आलं, पोस्टमन कधी येऊन गेला, कुणाचं पोर शाळेतून अजून आलेलं नाही, हे सगळं ठाऊक असायचं. ज्यांचे गुडघे दुखतात त्यांच्यासाठी तळमजल्याचं घर म्हणजे सुटका होती. कुणी शिकवण्या घ्यायचं, कुणी दवाखाना चालवायचं, कुणी शेवया-पापड विकायचं. त्या इमारतींचं वास्तुशिल्प कुणी पुस्तकात छापणार नाही. त्यांनी रस्ता मात्र जागता ठेवला.

मग स्टिल्ट आला, म्हणजे गाड्यांसाठी खांबांवर उचललेला तळमजला. त्यामागचं गणित समजून घेतलं पाहिजे, कारण इथे बिल्डरला शिव्या देऊन काम भागत नाही. त्याने नियमातली फायद्याची वाट धरली. एफएसआय म्हणजे भूखंडाच्या क्षेत्रफळाच्या किती पट बांधकाम करता येईल तो आकडा. हजार चौरस मीटरांचा भूखंड आणि एफएसआय एक असेल, तर हजार चौरस मीटर बांधता येतं. पण पार्किंगसाठी खांबांवर उचललेला तळमजला या हिशेबात धरत नाहीत. त्याच जागेत घर काढा, दुकान काढा, पाळणाघर काढा, वाचनालय काढा, लगेच एफएसआय खर्ची पडतो. शिवाय प्रत्येक सदनिकेमागे किमान इतक्या गाड्यांची जागा दाखवा, ही सक्ती आहेच. म्हणजे नियम एका हाताने सांगतो, गाड्यांना जागा द्याच; दुसऱ्या हाताने सांगतो, ती जागा फुकट आहे. माणसासाठी तळमजला महाग आणि गाडीसाठी तो मोफत. अशा व्यवस्थेत जो निकाल लागायचा तोच लागला.

एका मोटारीला अडीच बाय पाच मीटर, म्हणजे साडेबारा चौरस मीटर जागा लागते. तिला आत यायला, वळायला, रॅम्प चढायला लागणारी जागा धरली की एका गाडीमागे पंचवीस ते तीस चौरस मीटर जातात. मुंबईत झोपडपट्टी पुनर्वसनात कुटुंबाला आज तीनशे चौरस फुटांचं घर मिळतं, म्हणजे अठ्ठावीस चौरस मीटरांच्या आतलं. तेवीस तास उभ्या असणाऱ्या एका मोटारीला आणि चार-पाच माणसांच्या एका संसाराला आपण जवळजवळ सारखीच जागा देतो. पुण्यात मेट्रो स्थानकांच्या पाचशे मीटर परिसरात चारपर्यंत एफएसआय दिला, तो लोक मेट्रोपर्यंत चालत जातील या भरवशावर. तिथे नव्याने उठणाऱ्या इमारतींच्या पायथ्याशीही गाड्यांचे मजलेच येत आहेत. माझं स्पष्ट मत आहे: मेट्रोजवळच्या इमारतींवर पार्किंगची कमाल मर्यादा घातली पाहिजे, किमान नव्हे. ज्याला जास्त गाड्या ठेवायच्या आहेत त्याने त्या जागेचा एफएसआय खर्च करावा आणि तिची किंमत मोजावी.

मुंबईत स्टिल्टचा पोडियम झाला. परळ-लोअर परळला गिरण्यांच्या जमिनींवर जे टॉवर आले, त्यांच्या पायथ्याशी चार-पाच मजले गाड्याच गाड्या आहेत. १९९१ च्या नियमावलीत गिरण्यांच्या जमिनीचे तीन वाटे ठरले होते, एक मोकळ्या जागांसाठी, एक सार्वजनिक घरांसाठी, एक मालकासाठी. २००१ च्या दुरुस्तीने ही वाटणी फक्त रिकाम्या जमिनीपुरती उरली, आणि २००६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती दुरुस्ती कायम ठेवली. शहराच्या वाट्याला फार थोडं आलं. गिरण्यांच्या जागी कचेऱ्या आल्या, हजारो माणसं तिथे रोज कामाला येऊ लागली, पण त्यांच्या चालायच्या वाटा गिरणीच्या काळातल्याच राहिल्या. २९ सप्टेंबर २०१७ ला तेव्हाच्या एल्फिन्स्टन रोड स्थानकाच्या अरुंद पुलावर चेंगराचेंगरीत २३ माणसं गेली. पूल रेल्वेचा होता, हे खरं. पण कचेऱ्यांचे मजले वाढवताना तिथे येणाऱ्या माणसांच्या पायांचा हिशेब करणं हे नगररचनेचं काम होतं, आणि तो हिशेब झालेला नव्हता.

चाळींबद्दल बोलताना मी गळा काढणार नाही. १९२० च्या दशकात बॉम्बे डेव्हलपमेंट डिपार्टमेंटने वरळी, नायगाव, डिलाईल रोड आणि शिवडी इथे मिळून २०७ चाळी बांधल्या. तळमजला अधिक तीन मजले, एकेका मजल्यावर वीस खोल्या, खोली १६० चौरस फुटांची, संडास सामाईक. त्या खोल्यांत माणसांनी तीन-तीन पिढ्या काढल्या. पहाटे रांगेत उभं राहणाऱ्या बाईला चाळसंस्कृतीचे गोडवे ऐकवण्यात काही अर्थ नाही. आता त्या रहिवाशांना पाचशे चौरस फुटांची, स्वतःचं न्हाणीघर असलेली घरं मिळत आहेत, आणि हा त्यांचा हक्कच होता. पण याच चाळींच्या मधल्या जागांत कबड्डी चालली, शाहिरांचे कार्यक्रम झाले, जांबोरी मैदानावर सभा गाजल्या. ते अरुंद खोल्यांमुळे झालं नाही, चाळीच्या पायथ्याशी माणसांच्या वापरातली जमीन होती म्हणून झालं. उंच मजल्यावर चांगलं घर देताना खालची जमीनही माणसांच्या हाती ठेवता येते. वरचं घर मोठं होण्यासाठी खालचं सगळं गाड्यांना देऊन टाकलं पाहिजे असं गणितात कुठेही नाही.

मोकळी जागा सोडली, इमारती सुट्या केल्या की रस्ता मरतोच, असंही नाही. १८९६ च्या प्लेगनंतर १८९८ ला मुंबईत इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट स्थापन झाला आणि त्याने दादर-माटुंग्याची आखणी केली. हिंदू कॉलनी, पारशी कॉलनी, पाच उद्यानं, किंग्ज सर्कल. तिथे इमारती सुट्या आहेत, समोर मोकळी जागा आहे. पण जुन्या इमारतींना तळमजल्यावर व्हरांडे आहेत, कुंपणं ठेंगणी आहेत, झाडं फूटपाथवर सावली धरतात, आणि चौकाकडे तोंड केलेल्या इमारतींच्या तळाला उडुपी हॉटेलं, फुलवाले, दुकानं आहेत. तिथे सकाळी फिरायला जाणारा माणूस भिंतीच्या कडेने चालत नाही, घरांच्या कडेने चालतो.

आता भिंतीविषयी. आपल्याकडच्या नियमांत रस्त्याकडची भिंत दीड मीटरपर्यंत बांधता येते. वरचा ९० सेंटिमीटरांचा भाग जाळीचा किंवा उघडा ठेवला तर २.४ मीटरपर्यंत. जाळीच्या मागे लोक हिरवा कपडा नाहीतर पत्रा लावतात आणि उघडा भागही बंद होतो. कारण विचारलं की उत्तर एकच: सुरक्षा. मी या उत्तराचा आदर करते. लहान मुलं असलेल्या घराची भीती खोटी नसते. पण भिंतीमुळे आतला माणूस जितका झाकला जातो तितकाच बाहेर चालणारा एकटा पडतो. तिच्या कडेने रात्री जाणाऱ्या मुलीला वर बाराव्या मजल्यावरून कुणी पाहत नसतं. आणि ती मुलगी पुष्कळदा त्याच सोसायटीतली असते. पावसातही भिंत अशीच फसवी ठरते. २५ सप्टेंबर २०१९ च्या रात्री पुण्यात आंबील ओढ्याला पूर आला तेव्हा ओढ्याकाठच्या सीमाभिंती कोसळल्या, माणसं दगावली. पाण्याची वाट अडवणारी भिंत पाण्याला थोपवून धरत नाही, पाण्यासकट अंगावर येते. तळमजल्याची माती काँक्रीटने आणि पेव्हर ब्लॉकने झाकल्यावर पाण्याने तरी जायचं कुठे?

फूटपाथची दशा बघतानाही आपण एक गोष्ट विसरतो. फूटपाथ महापालिका बांधते, पण तो तुटतो तो भूखंडाच्या दाराशी. भारतीय रस्ते काँग्रेसच्या मार्गदर्शक सूचना सांगतात की चालायला किमान १.८ मीटर विनाअडथळा रुंदी हवी आणि कडेच्या दगडाची उंची १५० मिलिमीटरांपेक्षा जास्त नको. प्रत्यक्षात प्रत्येक फाटकापुढे गाडीला उतार हवा म्हणून फूटपाथ खाली येतो, पुन्हा वर चढतो, पुन्हा खाली. सत्तर वर्षांच्या माणसाला हा चढउतार करण्यापेक्षा रस्त्यावरून चालणं सोपं वाटतं, आणि मग आपण म्हणतो की लोक फूटपाथ वापरत नाहीत. उपाय सोपा आहे आणि जगभर वापरात आहे. फूटपाथ सरळ, एका पातळीत ठेवायचा. गाडीने त्याच्यावर चढायचं आणि पलीकडे उतरायचं, उरलेला उतार भूखंडाच्या आत घ्यायचा. मग फाटकातून बाहेर पडणारा चालक आपोआप थांबतो, कारण तो चालणाऱ्यांच्या वाटेवर आलेला असतो. पुण्यात जंगली महाराज रस्त्यावर महापालिकेने फूटपाथ रुंद केले, झाडं राखून त्यांच्याजवळ बसायला जागा केली, तेव्हा काही दिवसांतच तिथे आजी-आजोबा दिसू लागले. जागा दिली की माणसं येतात. त्यासाठी प्रबोधन लागत नाही.

फेरीवाल्यांचा विषय निघाला की सोसायट्यांच्या सभा तापतात. फाटकाबाहेर भाजीची गाडी नको, असा ठराव होतो आणि ठराव करणाऱ्यांच्याच घरात त्या गाडीवरची मेथी शिजते. २०१४ च्या कायद्याने पथविक्रेत्यांना संरक्षण दिलं आहे. प्रभागाच्या लोकसंख्येच्या अडीच टक्क्यांपर्यंत विक्रेते सामावून घ्यावेत असं त्यात म्हटलं आहे, शहर फेरीवाला समितीत त्यांचे प्रतिनिधी असावेत असंही. तळमजल्यावर छोटे गाळे असते, इमारतीच्या पुढच्या मोकळ्या जागेचा एखादा कोपरा रस्त्याच्या बाजूने खुला असता, तर यातल्या कितीतरी जणांना फूटपाथ अडवावा लागला नसता. चालणारा आणि विकणारा यांचं भांडण आपण लावून दिलं आहे. भिंतीच्या आत दहा फूट रिकामी पट्टी आणि भिंतीबाहेर पाच फुटांत दोघांची रेटारेटी, ही आपली रचना आहे.

कमी उंचीत दाट वस्ती होते आणि जमीनही सुटत नाही, याचा दाखला आपल्याच राज्यात आहे. सिडकोसाठी चार्ल्स कोरिया यांनी बेलापूरला १९८० च्या दशकात आर्टिस्ट्स व्हिलेज केलं. सात घरांना मिळून आठ बाय आठ मीटरांचं एक अंगण, अशा तीन पुंजक्यांना मिळून बारा बाय बारा मीटरांचं मोठं अंगण. भूखंड लहान, ४५ ते ७५ चौरस मीटरांचे, पण प्रत्येकाच्या पायाखाली जमीन. सहा हेक्टरांहून कमी जागेत सुमारे साडेपाचशे घरं तिथे बसवली. पुढे लोकांनी मजले चढवले, जुनी घरं पाडून नवी बांधली, मूळ घरं आता शोधावी लागतात. अंगणं मात्र टिकली. कोरियांना घरं बदलणं अपेक्षितच होतं. त्यांनी खरा आराखडा घरांमधल्या जागेचा केला होता. सगळी मुंबई अशी बांधता येणार नाही, तेवढी जमीन नाही. पण नवी मुंबईच्या कडेला, पुण्याच्या समाविष्ट गावांत, सातारा-लातूरसारख्या शहरांत हे आजही होऊ शकतं. तिथेही आज स्टिल्टच येतो आहे, कारण २०२० च्या अखेरीस मुंबईसारखे काही भाग वगळून जवळजवळ सगळ्या राज्याला एकच नियमावली लागू झाली. साताऱ्यातल्या माणसाला अंगण हवं आहे की नाही हे विचारायच्या आधी त्याच्या इमारतीला खांब मिळाले.

पॅट्रिक गेडिस हे स्कॉटिश नगररचनाकार १९१४ ला हिंदुस्थानात आले, इथली गावं पायी हिंडले, आणि पुढे मुंबई विद्यापीठात शिकवायला होते. गावाची दाट वस्ती सरसकट पाडू नका, जपून, थोडंथोडं काढा आणि जागा मोकळी करा, हा त्यांचा आग्रह होता. आराखड्याआधी पाहणी, आणि पाहणी म्हणजे पायाने, हेही त्यांचंच. आता आमच्याकडे उपग्रहाची चित्रं आहेत, ड्रोन आहेत, संगणकावर सगळं शहर एका पडद्यावर येतं. या साधनांचा मला उपयोग होतो, पण वरून घेतलेल्या चित्रात तळमजला दिसत नाही. तिथे फक्त गच्च्या दिसतात.

मी नियमांत चार बदल मागत आले आहे आणि मागत राहीन. रस्त्याकडच्या तळमजल्यावर घर, दुकान, पाळणाघर, दवाखाना असेल तर तेवढा भाग एफएसआयमधून वगळा, जशी गाड्यांची जागा वगळता. पुढच्या मोकळ्या जागेत गाडी लावायला बंदी करा. रस्त्याकडची भिंत एक मीटरवर थांबवा. गाड्यांचा उतार भूखंडाच्या आत घ्या. यातल्या कशालाच जमीन संपादन लागत नाही, कर्ज लागत नाही. अग्निशमनाच्या बंबासाठी इमारतीभोवती सोडायच्या अंतराला यातला एकही बदल हात लावत नाही. ते अंतर राहिलंच पाहिजे.

नियम बदलायला वेळ लागेल. दरम्यान वाचकांपैकी पुष्कळांच्या सोसायट्या पुनर्विकासाला निघाल्या आहेत. त्या सभांत चर्चा होते ती किती टक्के जास्त कार्पेट मिळणार, कॉर्पस किती, भाडं किती महिने, लिफ्ट कोणत्या कंपनीची. हे सगळं विचारायलाच हवं, आयुष्याची कमाई त्यात आहे. त्याबरोबर आणखी एक नकाशा मागून घ्या. तळमजल्याचा. त्यावर रस्त्याकडे काय तोंड करून आहे ते बघा. भिंत किती उंच आहे, मुलांनी कुठे खेळायचं आहे, ज्येष्ठांना लिफ्टशिवाय बसता येईल अशी जागा कुठे आहे, जुनं झाड कुणी नकाशावर ठेवलं आहे का, पावसाचं पाणी जिरायला माती किती उरली आहे, ते विचारा. रस्त्याच्या बाजूला दोन-तीन गाळे, एक खोली वाचनालयाला, एखादं घर ज्यांना जिना चढवत नाही त्यांच्यासाठी, हे मागणं करारात लिहून घ्या. सहकारी संस्था अधिनियमाच्या कलम ७९-अ खाली पुनर्विकासासाठी होणाऱ्या विशेष सभेत प्रत्येक सभासदाला बोलायचा हक्क आहे. करारावर सही होण्याआधी तो बजावा. खांब उभे राहिल्यावर तळमजला परत मिळत नाही.